सम लांबवणारी ४७ मिनिटे : मेशुगाचा ‘कॅच थर्टीथ्री’ समजून घेताना

स्वीडनच्या मेशुगा या बँडचा ‘कॅच थर्टीथ्री’ हा अल्बम मे २००५ मध्ये न्यूक्लियर ब्लास्ट या कंपनीने प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून प्रोग्रेसिव्ह मेटल (रॉकमधून निघालेली जड, गुंतागुंतीच्या रचनांची शैली) ऐकणाऱ्यांमध्ये त्याच्यावरून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. काहींच्या मते हे या बँडचे सर्वांत धाडसी आणि सर्वांत एकसंध काम आहे. काहींच्या मते ही ४७ मिनिटांची कोरडी घरघर आहे, जिच्यात ना सूर आहे, ना गाणे, ना हाडामांसाचा ड्रमवादक. मेटल संगीतात असे वाद नवे नाहीत. बहुतेक वेळा ते ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ या तक्रारीवर येऊन थांबतात. या अल्बमविषयीचा वाद मात्र त्याहून खोल आहे, कारण ऐकताना आपला कान नेमका कोठे उभा राहतो, या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

हा प्रश्न समजून घ्यायला लयीचे थोडे गणित करावे लागेल. त्याला घाबरण्याचे कारण नाही. आवर्तन, मात्रा आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हे तीन शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याला मेशुगाची अर्धी गुंतागुंत आधीच कळलेली आहे असे मी म्हणेन.

आधी बँडची थोडी ओळख करून देतो. उत्तर स्वीडनमधील उमेओ या विद्यापीठाच्या शहरात १९८७ मध्ये हा बँड स्थापन झाला. ‘मेशुगा’ हा यिडिश भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘वेडा’ असा होतो. गिटारवर फ्रेड्रिक थॉर्डेनडाल आणि मॉर्टेन हागस्ट्रॉम, ड्रमवर टोमास हाके आणि गायनात येन्स किडमन हा या बँडचा मुख्य संच. गीतांचे शब्द बहुतांशी हाकेच लिहितो, म्हणजे लयीचा कारागीर आणि शब्दांचा कारागीर एकच आहे. ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’ (१९९५), ‘केऑसस्फिअर’ (१९९८) आणि ‘नथिंग’ (२००२) या अल्बमांतून त्यांनी आपली लयपद्धती टप्प्याटप्प्याने घडवली. २००४ मध्ये ‘आय’ नावाची सुमारे २१ मिनिटांची एकच सलग रचना त्यांनी प्रसिद्ध केली, आणि तिच्या पाठोपाठ ‘कॅच थर्टीथ्री’ आला.

आता लयीकडे वळू. पाश्चात्त्य रॉक संगीतात बहुतेक गाणी चार ठोक्यांच्या चौकटीत बसवलेली असतात. त्यातल्या प्रत्येक ठोक्याचे चार समान तुकडे केले की एका चौकटीत सोळा बारीक तुकडे होतात. सोयीसाठी या तुकड्यांना मात्रा आणि चौकटीला आवर्तन म्हणू. म्हणजे मोजणीपुरते तरी आपल्या ओळखीचे त्रितालाचे आवर्तन आपल्यासमोर आले, चार-चारांचे चार विभाग आणि एकूण सोळा मात्रा. (त्रितालातली खाली, बोलांची भाषा आणि ठेक्याचे व्यक्तिमत्त्व येथे अर्थातच नाही. साम्य फक्त मोजणीचे आहे.)

गिटारवर पुन्हापुन्हा वाजवल्या जाणाऱ्या छोट्या स्वरवाक्याला रिफ म्हणतात, आणि मेटल संगीताचा सगळा डोलारा या रिफवर उभा असतो. सामान्य गाण्यात रिफची लांबी आवर्तनाइतकीच, नाहीतर त्याच्या दुप्पट किंवा चौपट असते, त्यामुळे रिफ आणि ठेका दर वेळी समेवर एकत्र येतात आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. मेशुगा येथेच वेगळी वाट धरतो. त्यांच्या रिफची लांबी आवर्तनाच्या हिशेबात बसत नाही, आणि तरीही ठेका आपला सोळा मात्रांचा हिशेब सोडत नाही.

सोपे उदाहरण घेऊ. एकाने हाताने त्रिताल धरावा आणि दुसऱ्याने ‘तक तकिट’ हा पाच मात्रांचा तुकडा न थांबता म्हणत राहावा. सोळा मात्रांत पाचाचा तुकडा तीनदा पूर्ण होतो आणि एक मात्रा उरते. त्या उरलेल्या मात्रेवर चौथा तुकडा सुरू होतो आणि पुढच्या आवर्तनात शिरतो. दर आवर्तनाला तुकडा आणि सम यांच्यातले अंतर असेच सरकत जाते, आणि पाच आवर्तने म्हणजे ऐंशी मात्रा उलटल्यावर, तुकडा सोळा वेळा म्हणून झाल्यावर, दोघे पुन्हा समेवर भेटतात. तुकडा तोच, ठेका तोच, पण प्रत्येक वेळी तुकड्यातला वेगळा अक्षराघात टाळीवर पडत असल्यामुळे तो नवा वाटतो.

मेशुगाचे प्रत्यक्ष उदाहरण ‘केऑसस्फिअर’मधल्या ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’ या गाण्यात मिळते. तिथला रिफ तेवीस मात्रांचा आहे आणि ठेका सोळा मात्रांचा. रिफ पहिल्यांदा समेवर सुरू होतो. दुसऱ्यांदा तो दुसऱ्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर सुरू होतो, तिसऱ्यांदा तिसऱ्या आवर्तनाच्या पंधराव्या, चौथ्यांदा पाचव्या आवर्तनाच्या सहाव्या आणि पाचव्यांदा सहाव्या आवर्तनाच्या तेराव्या मात्रेवर. पाच वेळा तेवीस म्हणजे ११५ मात्रा झाल्या. आठ आवर्तनांच्या १२८ मात्रा होतात. राहिल्या तेरा. बँड या तेरा मात्रांत सहाव्यांदा रिफ सुरू करतो, तेराव्या मात्रेवर तो मध्येच तोडतो आणि नव्या समेवर पहिल्यापासून उचलतो.

आपल्याकडच्या तिहाईशी, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याशी, तुलना केली तर एक महत्त्वाचा फरक दिसतो. तिहाई रचणारा मागून हिशेब करतो. शेवटचा ‘धा’ नेमका समेवर पडला पाहिजे म्हणून तो तुकड्याची लांबी आणि मधला दम आधीच जुळवून घेतो, आणि तो ‘धा’ पडला की मैफलीतून दाद येते. मेशुगाच्या रिफला समेवर पोहोचायची मुळीच घाई नसते. तो आपल्या चालीने चालत राहतो, आणि सम आली की त्याचे उरलेले शेपूट छाटले जाते. त्यामुळे तिहाईतली ‘आलो बुवा’ ही सुटका येथे मिळत नाही, मिळतो तो एक धक्का, पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी तसा. ज्यांना हा धक्का आवडतो ते मेशुगाचे भक्त होतात. ज्यांना तो नकोसा वाटतो त्यांना हे संगीत कायमचे डोक्यावरून जाते, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

हे सगळे एकाच ड्रमसेटवर कसे घडते, तेही पाहण्यासारखे आहे. हाकेचा उजवा हात झांजेवर चार सरळ ठोके देत राहतो आणि डावा हात बहुधा तिसऱ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, मारतो. हा झाला आवर्तनाचा पहारेकरी. पाय मात्र बेस ड्रमवर गिटारच्या रिफशी जोडलेले असतात, गिटारचा प्रत्येक आघात पायाने दुणावला जातो. म्हणजे एकाच माणसाचे हात एका हिशेबात आणि पाय दुसऱ्या हिशेबात चालतात. ऐकणाऱ्यानेही मग ठरवायचे असते, की आपण हातांबरोबर जायचे की पायांबरोबर. हातांबरोबर गेलात तर मान सरळ डोलते आणि गिटार अडखळल्यासारखी वाटते. पायांबरोबर गेलात तर गिटारचा आकार स्पष्ट होतो, पण झांजच भरकटल्यासारखी वाटू लागते.

‘कॅच थर्टीथ्री’ची पहिली पाच मिनिटे मी एकदा तबला शिकलेल्या एका स्नेह्यांना ऐकवली. या संगीताशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. पहिले अर्धे मिनिट त्यांच्या कपाळावर आठी होती. मग त्यांनी डोळे मिटले, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, पुन्हा करंगळीपासून. डाव्या हाताचे एक बोट मात्र टेबलाच्या कडेवर स्वतंत्रपणे झांजेचे ठोके देत होते. दोनदा त्यांचा हिशेब चुकला आणि त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “ठेका सरळ आहे हो, गिटारवाला सरकतोय. पण हा समेला येणार कधी?” या अल्बमविषयी मी ऐकलेला हा सर्वांत अचूक प्रश्न आहे.

‘कॅच थर्टीथ्री’ची रचना या प्रश्नाभोवतीच उभी आहे. अल्बमवर तेरा नावे छापलेली आहेत, पण ती तेरा गाणी नव्हेत. ४७ मिनिटांच्या एकाच अखंड रचनेवर तेरा ठिकाणी खुणा केल्या आहेत, इतकेच. एक भाग संपून दुसरा सुरू होतो तेव्हा मध्ये शांतता नसते, कित्येकदा रिफही बदललेला नसतो. ‘ऑटोनॉमी लॉस्ट’, ‘इम्प्रिंट ऑफ द अन-सेव्ह्ड’ आणि ‘डिसएन्चांटमेंट’ हे पहिले तीन भाग मिळून जेमतेम पाच मिनिटांचे आहेत आणि ते एकाच मूळ कल्पनेवर चालतात. भागांच्या लांबीतही विलक्षण तफावत आहे. ‘री-इनअॅनिमेट’ मिनिटभरात संपतो, तर ‘इन डेथ – इज डेथ’ तेरा मिनिटांहून लांब आहे. ज्याला एखादे आवडते गाणे निवडून पुन्हापुन्हा लावायची सवय आहे, त्याच्या हाती येथे काहीच लागत नाही. मधूनच एक भाग उचलून ऐकणे म्हणजे विलंबित ख्यालातली तीन मिनिटे कापून घेऊन तेवढ्यावर गायकाची पारख करण्यासारखे आहे.

आठ आवर्तनांनंतर सम गाठून देण्याची जी सवलत ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’मध्ये मिळते, ती या अल्बममध्ये पुष्कळ ठिकाणी काढून घेतलेली आहे. वाक्ये लांबतात, त्यांच्या शेवटाची चाहूल लागत नाही, आणि आता परत येणार असे वाटते तिथे रिफ एखाद्या मात्रेने वाढतो किंवा आखडतो. स्मरणशक्तीला धरून ठेवता येईल अशी लांबी ओलांडली गेली की कान मोजणे सोडतो आणि लय ही मोजायची गोष्ट न राहता अंगावर येणाऱ्या वाऱ्यासारखी होते. माझ्या मते बँडला हेच हवे होते. ज्यांना ‘नथिंग’मधला घट्ट, मान डोलवणारा ठेका प्रिय होता, त्यांना येथे फसवले गेल्यासारखे वाटले ते याचमुळे.

वादाचे दुसरे आणि अधिक तापलेले कारण ड्रमचे आहे. हाके हा मेटलमधल्या सर्वांत आदरणीय ड्रमवादकांपैकी एक, आणि या अल्बमवर त्याने प्रत्यक्ष ड्रम वाजवलेलाच नाही. सगळे ड्रम संगणकावर रचलेले आहेत. त्यासाठी वापरलेला ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ हा ध्वनिसंग्रह उमेओमधल्याच टूनट्रॅक कंपनीचा, आणि या संग्रहाचे मूळ आवाज हाकेच्याच वादनातून ध्वनिमुद्रित झालेले होते. म्हणजे प्रत्येक सुटा आघात हाकेच्या हातचा, पण त्या आघातांची गुंफण संगणकाच्या पडद्यावर झालेली. ज्यांना ही बातमी कळली त्यांतल्या अनेकांना तो विश्वासघात वाटला. हात आणि पाय दोन हिशेबांत चालवण्याचे जे कौशल्य हाकेची ओळख होते, तेच जर यंत्रावर सोपवले, तर उरले काय, असा त्यांचा प्रश्न होता.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लयप्रधान संगीतात वाजवणाऱ्याचा घाम हा सौंदर्याचाच भाग असतो. एखादा तबलावादक अवघड रेला द्रुत लयीत स्वच्छ वाजवतो तेव्हा बोटांच्या धोक्याची जाणीव आपल्या दाद देण्यात मिसळलेली असते, आणि तोच रेला यंत्राने वाजवला तर तो अधिक स्वच्छ असूनही आपण हलत नाही. तरीही या विशिष्ट अल्बमपुरता मी दुसऱ्या बाजूला आहे. ही रचना गिटार हातात घेऊन तालीम करता करता घडलेली नाही, ती संगणकासमोर बसून, रिफचे तुकडे जोडत, लांबवत आणि सरकवत घडलेली आहे. तिचा विषयच स्वायत्तता गमावण्याचा आहे, पहिल्या भागाचे नावच तसे आहे. अशा रचनेत ठोक्याठोक्याला न थकणारा, न श्वास घेणारा ड्रम ऐकू येणे हे मला आशयाशी सुसंगत वाटते. पुढच्या ‘ऑबझेन’ (२००८) या अल्बममध्ये हाके प्रत्यक्ष ड्रमवर परतला, आणि त्यातल्या ‘ब्लीड’ या गाण्यातले दोन्ही पायांचे काम पाहून जगभरच्या ड्रमवादकांनी तोंडात बोटे घातली. यंत्र ही त्याची लपण्याची जागा नव्हती, हे त्यावरून पुरेसे सिद्ध झाले. शिवाय ‘कॅच थर्टीथ्री’चे काही भाग बँडने पुढे मैफलींत सलग जोडून वाजवले, आणि तेव्हा ते हाकेच्याच हातापायांतून आले.

तिसरा आक्षेप सुराचा. ‘यात चाल कुठे आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देताना आधी गिटारकडे पाहायला हवे. साध्या सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. मेशुगा आठ तारांची गिटार वापरतो, आणि ती आणखी अर्धा स्वर उतरवून लावतो. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४४ कंपनांवर बोलते, म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली, बेस गिटारच्या प्रदेशात. इतक्या खालच्या पट्टीत, त्यातही तळहाताने तार दाबून वाजवल्यावर, कानाला स्वराची ओळख पटण्याआधी आघाताची ओळख पटते. गिटार हे येथे तालवाद्य झालेले आहे. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर हा अल्बम ऐकला तर खालचा सगळा पाया गळून जातो आणि उरतो तो वरचा खरखराट. ज्यांनी तेवढ्यावरच मत बनवले असेल त्यांनी एकदा तरी बऱ्या हेडफोनवर ऐकावे, एवढी विनंती मी अवश्य करीन.

येन्स किडमनचा आवाजही असाच वापरलेला आहे. तो एकाच उंचीवर, एकाच ताणाने, घसा फाडून ओरडतो. त्यात आरोह-अवरोह नाहीत, लाडिकपणा नाही, दुःखाची ओलही नाही. शब्द रिफच्या मात्रांवर ठोकळ्यांसारखे ठेवलेले असतात. या अल्बमच्या चाहत्यांत मोडत असूनही येथे मला टीकाकारांचे म्हणणे बरेचसे पटते. एवढ्या लांब रचनेत गायनाचा रंग थोडा अधिक बदलायला हवा होता. ‘शेड’च्या आरंभी येणारी कुजबुज किती परिणामकारक ठरते ते पाहिले की ही उणीव आणखी जाणवते. हा भाग पुढे २००६ च्या ‘सॉ ३’ या भयपटातही वापरला गेला आणि त्यामुळे मेशुगा न ऐकणाऱ्यांच्याही कानावर पडला. सातव्या भागात, ‘माइंड्स मिरर्स’मध्ये, हा बदल अधिक ठळकपणे केलेला आहे. तिथे ड्रमचा मारा जवळजवळ थांबतो, यंत्रातून गाळून आल्यासारखा एक सपाट आवाज शब्द बोलत जातो, आणि सुमारे बारा मिनिटे चाललेल्या भडिमारानंतर ऐकणाऱ्याला पहिल्यांदा खोलीची भिंत दिसावी तसे वाटते.

या शांततेनंतर अल्बमचा मध्यबिंदू येतो. दोन भागांची नावे आहेत ‘इन डेथ – इज लाइफ’ आणि ‘इन डेथ – इज डेथ’, म्हणजे मृत्यूत जीवन आहे आणि मृत्यूत मृत्यूच आहे. एकमेकांना खोडून काढणारी ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. अल्बमच्या नावातही अशाच कोंडीचा संकेत आहे. ज्या अटीतून सुटायचे ती अटच सुटू देत नाही, अशा पेचाला इंग्रजीत ‘कॅच ट्वेंटी-टू’ म्हणायची पद्धत पडली आहे, आणि त्यातला आकडा येथे वाढवून तेहेतीस केला आहे. एका भागाचे नाव ‘द पॅराडॉक्सिकल स्पायरल’ आहे, म्हणजे विरोधाभासाचा भोवरा. हे नाव मला संगीताचेही वर्णन वाटते. भोवऱ्यात फिरणारी वस्तू दर फेरीला त्याच दिशेला येते, पण त्याच जागी कधीच येत नाही. सरकत्या रिफचेही नेमके हेच होते.

तेरा मिनिटांच्या ‘इन डेथ – इज डेथ’वर मात्र मी अडखळतो. रिफ संथ होतात, मध्ये पूर्ण स्तब्धता येते, पुन्हा आघात येतात, पुन्हा स्तब्धता. पहिल्या दोन-तीन वेळा ही स्तब्धता अंगावर काटा आणते, कारण आता ठोका नेमका कधी पडेल हे सांगता येत नाही. पुढे ती अपेक्षित होते, आणि अपेक्षित स्तब्धतेत ताण उरत नाही. उत्तरार्धातली मंद गिटार सुंदर आहे, पण तिथवर पोहोचेपर्यंत कित्येक ऐकणारे उठून गेलेले असतात. हा भाग चार मिनिटांनी लहान असता तर अल्बमला शत्रू कमी मिळाले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्याच वेळी हेही कबूल करायला हवे, की ज्या दिवशी माझ्याकडे वेळ आणि एकांत दोन्ही होते, त्या दिवशी मला त्यातले एक मिनिटही कमी करावेसे वाटले नाही.

या संगीताचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ जोनाथन पिस्लाक यांनी २००७ मध्ये ‘म्युझिक थिअरी स्पेक्ट्रम’ या नियतकालिकात मेशुगाच्या लयरचनेवर दीर्घ लेख लिहिला. विद्यापीठीय जगात मेटलकडे तोवर मुख्यतः सामाजिक विषय म्हणून पाहिले जात असे, लयीचे एवढे बारकाईने विश्लेषण त्याच्या वाट्याला क्वचितच आले होते. या बँडच्या अनुयायांतून पुढे एक स्वतंत्र शैलीच निर्माण झाली. अमेरिकेतले पेरिफेरी, ब्रिटनमधले टेसरॅक्ट आणि आपल्याकडचे स्कायहार्बर हे बँड तिच्याशी जोडले जातात. तिचे नाव ‘जेंट’. दाबलेल्या तारेवरच्या आघाताचा आवाज जसा कानावर पडतो तसेच हे नाव आहे. तबल्याच्या बोलांत वाढलेल्या आपल्या कानाला यात नवल वाटू नये. ‘धा’, ‘तिरकिट’, ‘जेंट’, आवाजाने स्वतःचेच नाव सांगितलेले आहे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात कोठून करावी, असे मला विचारले जाते तेव्हा मी तेरा खुणा विसरून जायला सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत फक्त झांज शोधावी आणि बोटाने तिचे ठोके धरावेत. गिटार काय करते याकडे लक्ष देऊ नये, ती आपोआप लक्ष वेधून घेईलच. दुसऱ्या दिवशी तीच पाच मिनिटे पुन्हा लावावीत आणि या वेळी झांज सोडून गिटारबरोबर जावे. दोन्ही वाटा स्वतंत्रपणे चालून झाल्या की तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र ऐकू येऊ लागतात, आणि एखादे चित्र एकदा फुलदाणी व एकदा दोन चेहरे दिसावे तसे कान या थरावरून त्या थरावर जाऊ लागतो. तोवर सबंध ४७ मिनिटे ऐकायचा हट्ट धरू नये. ज्यांना हा खेळ दोन-तीन प्रयत्नांनंतरही परका वाटतो त्यांनी ‘डीह्युमनायझेशन’ हा बारावा भाग ऐकून पाहावा. त्यात मान डोलवायला पुरेशी जागा आहे.

शेवटचा भाग ‘सम’ या नावाचा आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ बेरीज, आणि मराठी कानाला तो शब्द वेगळाच ऐकू येतो हा निव्वळ योगायोग. सात मिनिटांच्या या भागात आघात आधी आणखी जड होतात आणि मग ड्रम, ओरडणे आणि सगळा भार निघून जातो. उरते ती स्वच्छ आवाजाची गिटार, जी कोणताही ठेका सोबतीला न घेता मिनिटामागून मिनिटे हळूहळू झिरपत राहते. माझ्या स्नेह्यांनी पुढे एका संध्याकाळी सबंध अल्बम ऐकला तेव्हा हा भाग सुरू होईपर्यंत त्यांचा अंगठा पेरांवर फिरतच होता. ड्रम थांबल्यावरही तो काही क्षण फिरत राहिला, मग मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर थांबला, आणि गिटार विरून जाईपर्यंत त्यांनी तो तिथून उचलला नाही.